अंदमान दोघांनी, पॅकेजशिवाय आणि खिशाला झेपेल असं: कसं जमवावं?

सायली_नाशिक (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही दोघं अंदमानला जायचं म्हणतोय. दोन-तीन ठिकाणी पॅकेजची चौकशी केली. विमानाचं तिकीट वगळून दोघांचे सत्तर हजारांच्या खाली कुणी बोलायलाच तयार नाही. त्यात पलंगावर टॉवेलचे हंस, समुद्रकाठी मेणबत्तीतलं जेवण, शिवाय पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, बाराटांग, रॉस, नॉर्थ बे असं सगळं एका दमात, प्रत्येक जागी तासभर. हंस नसले तरी चालेल, पण पाण्यात निवांत डुंबायला वेळ हवा.

आमची मर्यादा: विमान सोडून आठवडाभराचे दोघांत मिळून चाळीस हजार. मी मासे खाते, नवरा शुद्ध शाकाहारी. त्याला घाटात गाडी लागते, त्यामुळे बोटही लागेल अशी धास्ती आहे.

माझं मत असं बनत चाललंय की बेटावर पैसे वाचवायचे तर घासाघीस करण्यापेक्षा ठिकाणं कमी करावीत. दोनच बेटं, मुक्काम जास्त. घरचे म्हणतात, एवढ्या लांब जाताय तर सगळं बघून या. ज्यांनी स्वतः आखून सहल केली आहे त्यांनी कृपया सांगा: बोटी, राहणं, खाणं, आणि बाराटांगला जावं की नाही?

पोहेखाऊ
वाचतोय. आमचंही मार्चमध्ये घाटतंय.

जहाजी
सायलीताई, तुमचं मत बरोबर आहे आणि त्याचं कारण बोटीत आहे. अंदमानात विमानानंतरचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे एका बेटावरून दुसऱ्यावर जाणं. एक बेट कमी केलं की दोघांची दोन तिकिटं, जेट्टीपर्यंतची रिक्षा आणि अर्धा दिवस, तिन्ही वाचतात.

पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेट्टीवरून सरकारी बोटी सुटतात. हॅवलॉकला अडीच तासांच्या आसपास लागतात. खाजगी बोटी दीडेक तासात पोचवतात. भाड्यात मात्र मोठी तफावत आहे, सरकारीचं खाजगीच्या निम्म्याहूनही कमी. सरकारी तिकिटं फक्त काहीच दिवस आधी खुली होतात, त्यामुळे दोन महिने अगोदर सगळं पक्कं करणाऱ्यांना ती मिळतच नाहीत. पॅकेजवाले खाजगी बोट धरतात ती याचमुळे. शिपिंग खात्याच्या संकेतस्थळावर किंवा जेट्टीच्या खिडकीवर तिकीट मिळतं. जागांची नावं शोधताना स्वराज द्वीप (हॅवलॉक), शहीद द्वीप (नील) आणि श्री विजय पुरम (पोर्ट ब्लेअर) अशी नवी नावंही बघा. बेटांची नावं २०१८ च्या डिसेंबरात बदलली, पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये.

बोट लागण्याबद्दल: तुमच्या यजमानांना सरकारी बोटच बरी. बहुतेक खाजगी बोटी बंद काचांच्या आणि वातानुकूलित, वेगाने लाटांवर आपटत जाणाऱ्या. सरकारी बोट संथ, आणि तिला उघडा डेक. बाजूला तांदळाची पोती, भाजीच्या करंड्या, गावी निघालेली माणसं. डेकवर मध्यभागी उभं राहायचं, नजर क्षितिजावर ठेवायची, मोबाइलकडे बघायचं नाही. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. बोट हलायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. आणि रिकाम्या पोटी चढू नका, दोन पोळ्या खाऊन चढा.

मीरा_डोंबिवली
राहण्याचं सांगते. हॅवलॉकला जेट्टीजवळ महाग नाही पण गजबज आहे. गोविंदनगरचा बाजार, ज्याला सगळे ‘तीन नंबर’ म्हणतात, तिथून पुढे विजयनगर म्हणजे ‘पाच नंबर’. त्या रस्त्याला साध्या बांबूच्या झोपड्या आणि घरगुती खोल्या मिळतात. आम्ही गेलो तेव्हा हंगामातही दीड हजारात पंखा, मच्छरदाणी आणि स्वच्छ न्हाणीघर असलेली खोली मिळाली होती. मालकीणबाईंशी आधी फोनवर बोलून घेतलेलं. समुद्राकडे तोंड असलेली खोली घेऊ नका. दिवसभर तुम्ही समुद्रातच असणार आहात, रात्री खिडकीतून काळोखच दिसतो आणि त्याचे दुप्पट पैसे जातात.

राधानगरच्या किनाऱ्याला (हा ‘सात नंबर’) जेट्टी आणि बाजारातून बस आहे, माणशी वीस-तीस रुपयांत पोचवते. परतीच्या शेवटच्या बसची वेळ चालकाला उतरतानाच विचारून ठेवा. सूर्यास्त बघून निघणाऱ्यांना बस गेलेली असते आणि मग रिक्षावाला सांगेल तो भाव. एक दिवस स्कूटर घ्या, पाचशेच्या आसपास पडते. त्या दिवशी कालापत्थर आणि राधानगर हे दोन्ही किनारे करा, बाकीचे दिवस बस आणि पाय.

निवांत
थोडं उलट मत मांडतो. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी पॅकेज घेण्यात काही वाईट नाही. आम्ही घेतलं होतं. जेट्टीवर आमच्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा, तिकीट हातात, सामान गाडीत. शेजारी एक जोडपं तिकिटासाठी रांगेत एकमेकांवर चिडलेलं. वर्षातून एकदा सुट्टी मिळते, ती रांगेत घालवायची का? पंधरा-वीस हजार जास्त गेले तर गेले, डोक्याला शांतता मिळाली.

सायली_नाशिक
@निवांत, मुद्दा पटतो. पण आमच्याकडे ते पंधरा-वीस हजार नाहीत, आणि ते जमेपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलंय.
@जहाजी, डेकचं वाचून नवऱ्याचा चेहरा उजळला. @मीरा, समुद्राकडे तोंड असलेली खोली रद्द!

खारवी_दापोली
मंडळी हवामान बघतात, हॉटेलचे तारे बघतात, पण भरती-ओहोटी कुणी बघत नाही. नीलवर तर सगळं त्यावरच चालतं.

लक्ष्मणपूरच्या टोकाला प्रवाळाच्या खडकाचा नैसर्गिक पूल आहे. तिथे खडकांवरून, डबक्या-डबक्यांतून चालत जावं लागतं आणि ते पाणी उतरल्यावरच जमतं. त्या डबक्यांत बघण्यासारखं खूप असतं. समुद्रकाकड्या पडलेल्या असतात, निळे-पिवळे चिमुकले मासे भरती परत येण्याची वाट बघत फिरत असतात, एखादा खेकडा तुमची सावली पडली की फटीत सरकतो. भरतपूरच्या किनाऱ्याला उलटा प्रकार. तिथे पुरत्या ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पोहायला गुडघाभरही उरत नाही आणि पायाखाली जिवंत प्रवाळ येतं. म्हणजे पुलाला ओहोटी हवी, भरतपूरला भरती. पॅकेजवाले सकाळी नीलला उतरवून दुपारी उचलतात, मग दोनपैकी एक हुकलंच म्हणून समजा.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग हे आपल्या किनाऱ्याचं गणित तिथेही लागू. मुंबईला उधाणात चार-पाच मीटरचा चढउतार होतो, तिथे साधारण दोन मीटरचा. पण किनारा उथळ आणि पसरट, त्यामुळे दोन मीटरही पुष्कळ होतात. वेळा मात्र आपल्याकडच्या धरू नका, पोर्ट ब्लेअरचं भरतीचं वेळापत्रक बघा. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे नीलला दोन-तीन रात्री राहिलात तर दोन्ही गोष्टी हमखास पदरात पडतात. मुक्काम वाढवण्याचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा हा आहे, पैशांच्याही आधी.

एक विनंती: प्रवाळावर उभं राहू नका. बोटाएवढी फांदी वाढायलाही कैक महिने लागतात. २०१० मध्ये समुद्र तापून अंदमानचं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं. जे सावरलंय ते आपल्या चपलांखाली जाऊ नये. शंख-प्रवाळ गोळा करून आणणं बेकायदा आहे, विमानतळावर सामान तपासताना काढून घेतात.

पोहेखाऊ
खारवीदादा, म्हणजे अंदमानला जाताना कालनिर्णय सोबत न्यायचं!

खारवी_दापोली
न्याच. अमावास्येच्या आसपास हॅवलॉकला असाल तर तो आणखी एका कारणाने कामी येईल. काळोख्या रात्री खारफुटीच्या पाण्यात वल्हं मारलं की पाणी चमकतं, सूक्ष्मजीवांमुळे. चांदणं असेल तर फारसं दिसत नाही. कयाकवाले पौर्णिमेलाही पैसे घ्यायला तयार असतात, तुम्ही तिथी बघून ठरवा.

रानवारा
बाराटांगबद्दल स्पष्ट लिहिते: जाऊ नका.

बाराटांगचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवून ताफ्याने सोडतात. थांबायला बंदी, फोटोला बंदी, खायला द्यायला बंदी. नियम कागदावर चांगले आहेत. पण ताफ्यातल्या किती गाड्यांमध्ये लोक चुनखडीच्या गुहेच्या ओढीने बसलेले असतात आणि किती ‘ते लोक दिसतील का’ या ओढीने? जारवांची संख्या हजाराच्याही आत आहे. बाहेरच्यांशी त्यांचा संपर्क १९९७-९८ नंतर वाढला आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्यासाठी किरकोळ असलेला आजार एवढ्याशा समाजाला पुसून टाकू शकतो. मधुचंद्राच्या सहलीत कुणाच्या घरातून ताफा न्यायचा, हे मला पटत नाही.

प्रवासी_पक्षी
रानवारा, तुमचा आदर आहे, पण हा रस्ता फक्त पर्यटकांचा नाही. रंगत, मायाबंदर, दिगलीपूरच्या लोकांसाठी तो दवाखान्याचा, कॉलेजचा, बाजाराचा रस्ता आहे. आम्ही गेलो, काचा वर केल्या, कॅमेरा पिशवीत ठेवला, गुहा बघितल्या आणि आलो. खारफुटीच्या बोगद्यातून छोट्या बोटीने गुहेपर्यंत जाणं फार सुंदर आहे. तिथल्या बोटवाल्यांची पोटं त्यावर चालतात.

रानवारा
दिगलीपूरच्या माणसाला तो रस्ता लागतो, मान्य. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी आपल्याबद्दल बोलतेय, ज्यांना तो लागत नाही. बोटवाल्यांच्या पोटाचा मुद्दा खरा आहे, पण खारफुटी बघायची तर हॅवलॉकलाही आहे, आणि तिथल्या बोटवाल्यांनाही पोट आहे.

मीरा_डोंबिवली
तत्त्व बाजूला ठेवलं तरी सायलीच्या बजेटात ते बसत नाही. पहाटे तीनला उठून भाड्याच्या गाडीत बसायचं, ताफ्याची वाट बघायची, संध्याकाळी दमून परत. गाडी, गुहेची बोट असे दोघांचे पाच-सहा हजार सहज जातात. तेवढ्यात नीलवर आणखी दोन रात्री जेवूनखाऊन होतात.

केळकर_आजी
आम्ही दोघं निवृत्त. आमचंही बजेट मोजकं होतं आणि पॅकेजवाल्यांच्या वेगाने आमचे गुडघे चालत नाहीत. त्यामुळे हा धागा नुसता नव्या जोडप्यांचा नाही, आमचाही आहे असं समजून लिहिते.

सगळे पोर्ट ब्लेअरला फक्त विमानातून उतरून बोट धरायची जागा समजतात. सायली, तिथे किमान एक पूर्ण दिवस दे. सेल्युलर जेल सकाळी उघडताच गाठा, तेव्हा शाळांच्या सहली आलेल्या नसतात. १८९६ ला बांधायला घेतलेला हा तुरुंग १९०६ मध्ये पुरा झाला. मधल्या मनोऱ्यातून निघणाऱ्या सात इमारतींपैकी आता तीनच उरल्यात. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात. सख्खे भाऊ एकाच भिंतीआड आणि बराच काळ भेट नाही. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर टोकाला आहे, जिने बेताने चढावेत. खाली अंगणात तेलाचा कोलू ठेवलाय. ह्यांनी त्याच्या दांड्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. कोणत्याही मार्गदर्शकाच्या घाईशिवाय आम्ही तिथे हवं तेवढं थांबलो, आणि ते फक्त स्वतः गेल्यामुळे जमलं.

दुपारी आम्ही चाथम जेट्टीवरून बांबू फ्लॅटला जाणारी गाड्यांची फेरीबोट धरली. पायी माणसाला अगदी किरकोळ तिकीट. पलीकडे उतरून रिक्षाने माउंट हॅरिएटला, त्याचं नाव २०२१ पासून माउंट मणिपूर. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेमागे नारळाची झाडं आणि दीपगृह आठवतंय? तो नॉर्थ बेचा देखावा याच डोंगराच्या वाटेवरून दिसतो. नोट घेऊन जा, ताडून बघायला मजा येते. त्या डोंगराच्या पायथ्याशी होपटाऊनच्या जेट्टीवर १८७२ मध्ये शेर अली या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा खून केला होता. फेरीबोटीवर शाळेतून घरी निघालेली मुलं, सायकली, कोंबड्यांचे पिंजरे. पॅकेजच्या गाडीतून हे काही दिसत नाही.

जहाजी
आजी, फार छान लिहिलंत. चाथमची सरकारी लाकूड गिरणीही त्याच जेट्टीला लागून आहे, १८८३ पासूनची. लाकडाची आवड असेल तर तासभर जाईल.

निवांत
केळकर आजी, तुमचा प्रतिसाद वाचून मी थोडा हललो. आम्हाला जेलमध्ये चाळीस मिनिटं दिली होती.

डुबकी
आता खर्च करायच्या जागेबद्दल. बस, सरकारी बोट, साधी खोली, सगळं मान्य. पण स्कुबा डायव्हिंगला स्वस्तातलं शोधू नका. हॅवलॉकला पहिल्यांदा करणाऱ्यांसाठीची डुबकी माणशी साडेतीन-चार हजारांपासून पुढे असते. पोहता यायची गरज नाही. विचारायचं एवढंच: एका प्रशिक्षकामागे एकच माणूस आहे का? उथळ पाण्यात आधी सराव घेतात का? दम्याबद्दल, कानाच्या शस्त्रक्रियेबद्दल लेखी विचारतात का? ज्यांनी मला यातलं काही न विचारता थेट ‘कधी येताय’ म्हटलं, तिथे मी गेलो नाही.

खाली उतरताना कानात दडा बसतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा दाबायची, ‘टक्’ होतं आणि कान मोकळा होतो, मग पुढचा एक हात खाली. घाई करायची नाही, दुखलं तर खूण करून थांबायचं. पहिली दोन मिनिटं स्वतःच्या श्वासाच्या बुडबुड्यांचाच आवाज मोठा वाटतो. मग समोरून पोपटमासा प्रवाळ कुरतडताना दिसतो, आणि लक्ष दिलं तर त्याचा कुरकुर आवाज खरंच ऐकू येतो. दोघांनी एकदम उतरा. तिथे बोलता येत नाही, नुसतं बोटाने दाखवायचं असतं, आणि वर आल्यावर दोघंही एकदम बोलायला लागतात.

डुबकीनंतर चोवीस तास विमानात बसू नका. म्हणजे हे हॅवलॉकच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरका.

सायली_नाशिक
डुबकी, हे आमच्या नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतोय, खोली हजाराची घेऊ पण हे करू.

नर्मदाकाठी
शाकाहारी नवऱ्याची काळजी करू नका. हॅवलॉकला १९५० च्या दशकात पूर्व बंगालच्या निर्वासितांना वसवलं, नीललाही बंगाली वस्तीच जास्त. त्यामुळे साध्या खानावळीतलं जेवण म्हणजे भात, डाळ, आलू भाजा, एखादी लाल भोपळ्याची किंवा दुधी-वांग्याची भाजी आणि माशाचं कालवण. मासा वगळून थाळी मागा, शंभर-दीडशेत पोट भरतं. नील तर बेटांना भाजी पुरवणारं गाव, शेतं समुद्राला भिडलेली. फक्त ‘शाकाहारी’ म्हटल्यावर ‘मासा पण नको’ हे वेगळं सांगायचं! समुद्राकाठच्या कॅफेत पिझ्झा-पास्ता खाल्लात तर बजेट तिसऱ्या दिवशी संपेल. बाजारातल्या खानावळी दुपारी लवकर आटोपतात, साडेबारा-एकला जेवून घ्या.

एकूणच तिथला दिवस लवकर सुरू होतो. घड्याळ आपलंच, पण सूर्य आधी. जानेवारीत संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य बुडतो. आपल्याकडच्यासारखं नऊला उठून अकराला बाहेर पडलात तर निम्मा दिवस गेला.

हिशेबनीस
शहाळी, रिक्षा, किनाऱ्यावरची दुकानं, सगळीकडे भाव करावा. पर्यटक दिसला की दर वाढतात.

खारवी_दापोली
हिशेबनीस, रिक्षाचं ठरवून घ्या, ते योग्यच. पण शहाळ्याच्या दहा रुपयांवरून वाद घालू नये असं मला मनापासून वाटतं. तेल, सिमेंट, औषधं, बटाटे, गॅस, बेटावरचं जवळजवळ सगळं हजार-बाराशे किलोमीटर समुद्र ओलांडून येतं. त्या माणसाला स्वतःचं घर चालवणंच महाग पडतं.

हिशेबनीस
हे मान्य. रिक्षापुरतं म्हणतो मग.

रुळांवरून
विमान टाळून जहाजाने कुणी गेलंय का? चेन्नईहून जाता येतं असं ऐकलंय.

जहाजी
जातं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी प्रवासी जहाजं पोर्ट ब्लेअरच्या हॅडो धक्क्याला लागतात. समुद्रात अडीच-तीन दिवस. बंक सगळ्यात स्वस्त, एका मोठ्या दालनात शेकडो बिछाने, त्यावर केबिन. महिन्यातून मोजक्याच फेऱ्या, तारखा आयत्या वेळी जाहीर होतात आणि बदलतातही. नोकरदार जोडप्याची आठवड्याची सुट्टी त्यातच संपेल. वेळ मोकळा असेल आणि समुद्राची आवड असेल तर एका बाजूने जहाज, दुसऱ्या बाजूने विमान असं करा. चौफेर पाणी, उडणारे मासे, रात्री डेकवर झोपलेली बेटकरी कुटुंबं. मला तो प्रवास बेटांइतकाच प्रिय आहे.

अनुजा_ठाणे
एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती लिहिते.

दोघांनी कमी पैशांत प्रवास करताना हिशेबाचा ताण बहुतेक वेळा एकाच्याच डोक्यावर असतो. एक जण तिकिटं शोधतो, भाव विचारतो, बसची वेळ लक्षात ठेवतो. दुसरा ‘तू ठरव ना’ म्हणतो. आणि मग तोच दुसरा तिसऱ्या दिवशी ‘जरा चांगल्या हॉटेलात राहिलो असतो’ म्हणाला की भांडण होतं. @निवांत यांना रांगेत दिसलेलं जोडपं रांगेमुळे चिडलं नसेल, अशी माझी खात्री आहे. ती रांग एकट्याच्या वाट्याला आली असेल.

आमच्याकडे ठरलेलं असं की रोख पैसे एकाच पाकिटात, आणि पाकीट एक दिवस त्याच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. ज्याच्याकडे पाकीट, त्या दिवसाचे निर्णय त्याचे. दुसऱ्याने कुरकुर करायची नाही. शिवाय प्रत्येकाला एक खर्च असा, ज्याला दुसऱ्याने ‘कशाला’ म्हणायचं नाही. मी डुबकी निवडली. त्याने निवडलं ते एका संध्याकाळी पोटभर खेकडा. मला आठशे रुपयांचा खेकडा पटला नव्हता, पण तो ज्या आनंदाने नांग्या फोडत बसला होता ते बघून मीही एक उचलली. पाकीट वाटून घेतल्यामुळे कुणी यजमान आणि कुणी पाहुणा राहिलं नाही. सायली, बोटींची माहिती मिळेलच, पण हे जाण्याआधी दोघं बसून ठरवा.

केळकर_आजी
अनुजा, शंभर टक्के. चाळीस वर्षं पाकीट ह्यांच्याकडेच असायचं. अंदमानात पहिल्यांदा माझ्याकडे आलं.

मीरा_डोंबिवली
रोख पैशांवरून आठवलं. एटीएम हॅवलॉकला आहे, पण कधी रांग, कधी बंद. २०२० च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून नेटवर्क बरंच सुधारलंय आणि क्यूआर कोड सगळीकडे लागलेत. तरी रेंज गेली की सगळंच अडतं. पोर्ट ब्लेअरलाच पुरेशी रोकड काढून घ्या.

सँडफ्लाय नावाचा बारीक किडा वाळूत असतो, चावल्याचं रात्री कळतं. वाळूवर थेट पडू नका, चटई टाका, पायांना खोबरेल तेल चोळा.

आणि राधानगरला जीवरक्षकांनी आखलेल्या भागातच पोहा. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत या बेटांवर. त्या किनाऱ्याजवळच २०१० मध्ये एका परदेशी पर्यटक बाईंचा जीव गेला होता. पाट्या उगाच लावलेल्या नाहीत. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ पाण्यात उतरू नये.

प्रवासी_पक्षी
शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. सकाळची बोट आणि दुपारचं विमान असं कधीही आखू नका. हवा बिघडली की बोटी बंद, मग सरकारी असो की खाजगी. २०१६ च्या डिसेंबरात वादळी हवामानात हॅवलॉक-नीलला शेकडो पर्यटक अडकले होते, नौदलाच्या जहाजांनी सोडवून आणलं. जानेवारीत धोका कमी, पण एका रात्रीच्या खोलीभाड्यात विमानाचं तिकीट वाचत असेल तर वाचवावं. बाराटांगबद्दल: रानवारांशी अजूनही पूर्ण सहमत नाही, पण सायलीच्या आठवड्यात ते नकोच.

सायली_नाशिक
मंडळी, काय धागा झालाय! काल रात्री दोघांनी बसून आखलं. दोष दिसला तर दाखवा.

पोहोचल्या दिवशी पोर्ट ब्लेअर, दुसरा दिवस केळकर आजींच्या पद्धतीने: सकाळी जेल, दुपारी फेरीबोट आणि माउंट मणिपूर, लाल नोट सासऱ्यांकडून मिळवली आहे. मग सरकारी बोटीने हॅवलॉक, तिथे पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी डुबकी, एक दिवस स्कूटर, एक दिवस नुसतं राधानगर. तिथून नील, खारवीदादांच्या वेळापत्रकाप्रमाणे भरतपूर आणि पूल. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअर. बाराटांग, नॉर्थ बे, रॉस सगळं काढून टाकलं.

खर्चाचा अंदाज: खोल्या अकरा हजार, जेवण आठ, बोटी सात, डुबकी आठ, स्कूटर-बस-रिक्षा तीन. सदतीस झाले. उरलेले तीन प्रत्येकी दीड हजार, अनुजाताईंच्या ‘कशाला न म्हणायच्या’ खर्चासाठी. नवऱ्याने त्याचं आधीच ठरवलंय, काळोख्या रात्रीची कयाक. मी पंचांग बघून तारखा दोन दिवस पुढे ढकलायला सांगितल्या, अमावास्या हॅवलॉकला पडेल अशा. ऑफिसने रजा बदलून दिली!

खारवी_दापोली
उत्तम आखलंय. अमावास्येनंतर नीलला जाताय म्हणजे उधाण असेल, ओहोटी चांगली खोल मिळेल. पुलाकडे पाणी पूर्ण उतरायच्या तासभर आधीच निघा आणि पाणी फिरलं की परत या. भरतपूरला भरतीच्या आगेमागे दोन तास.

डुबकी
डुबकीच्या आदल्या रात्री सर्दी झाली असेल तर दुसऱ्या दिवशी ढकला, चोंदलेल्या नाकाने कान मोकळे होत नाहीत. तुमच्याकडे हाताशी दिवस आहेत, घाई नाही.

निवांत
सरकारी बोटीचं तिकीट नाहीच मिळालं तर?

जहाजी
तर त्या एका फेरीपुरती खाजगी बोट घ्यायची, त्यासाठी दोन हजार बाजूला ठेवा, सायलीताई. तिकिटं खुली होतील त्या सकाळी दोघांची ओळखपत्रं समोर घेऊन बसा, दोघांचेही क्रमांक लागतात. हॅवलॉक-नीलची फेरी तासाभराची आहे आणि त्याच तिकिटाला सगळ्यात जास्त मागणी असते, ते आधी काढा. पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक त्यानंतर.

सायली_नाशिक
लिहून घेतलं. पाकीट पहिल्या दिवशी माझ्याकडे आहे.